चोवीस घटकांची गोष्ट

आमच्या विभागात येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी एक गोष्ट सांगते. गोष्ट साठ-सत्तर शब्दांची असते. तिचे चोवीस तुकडे पाडलेले असतात, त्यांना आम्ही घटक म्हणतो. वार हा एक घटक, वेळ हा एक, छत्रीचा रंग हा एक. गोष्ट एकदाच सांगायची, एका सुरात, कुठेही न थांबता. पेशंटने ती लगेच परत सांगायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा एकदा सांगायची. जेवढे घटक आठवले तेवढे गुण. मग मी तक्ता बघते आणि त्या वयाच्या निरोगी माणसाला साधारण किती आठवतं, हा पेशंट त्याच्या किती खाली आहे, ते अहवालात लिहिते.

वाचायला सोपं वाटतं. पण त्या आकड्यावर कुणाची गाडी चालवायची परवानगी जाते, कुणाचं घर बंद होतं.

आमच्याकडे अशा तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही वापरून गुळगुळीत झाल्या होत्या. हे मला कळलं ते मशीनवाल्या काकांमुळे.

काका शिवणयंत्रं दुरुस्त करत. वय चौऱ्याहत्तर. पुढे दुकान, मागे राहायची खोली, आणि बायको गेल्यापासून ते एकटेच. दर सहा महिन्यांनी त्यांची मुलगी दुसऱ्या गावाहून येऊन त्यांना आमच्याकडे आणायची. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे सुरू केलं, "सोमवारी सकाळी एक माणूस..."

"निळी छत्री घेऊन पोस्टात गेला," काका म्हणाले. "सात तिकिटं घेतली. पोस्टमास्तरचा चष्मा फुटला होता. बाई, चौथ्यांदा ऐकतोय मी ही. दोन वर्षं झाली, या माणसाने अजून सांगितलं नाही की पत्रं कुणाला धाडायची होती."

"काका, ते गोष्टीत नाही."

"तेच म्हणतो मी. मग आहे काय तिच्यात?"

बाकीच्या दोन्हीही त्यांना पाठ होत्या. वेटिंग रूममध्ये पेशंट एकमेकांना उत्तरं सांगत, हेही त्यांनीच मला मोठ्या मनाने सांगून टाकलं. त्यांच्या मुलीने मला बाहेर गाठलं.

"मॅडम, मी काही वाईट नाही हो," ती म्हणाली. मी काहीच म्हटलं नव्हतं. "पण महिन्यात दोनदा शेगडी चालू राहिली. एकदा शेजारच्यांनी दार फोडलं. मी म्हणते, माझ्याकडे या. ते म्हणतात, दुकान सोडणार नाही. शेवटी आमचं ठरलंय की चाचणी जे सांगेल ते. ती नीट आली तर मी परत विषय काढणार नाही. नाही आली तर दुकान विकायचं आणि त्यांनी माझ्याकडे यायचं. पण तुमच्या चाचणीची उत्तरं त्यांना पाठ असतील, तर ती कसली चाचणी?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी डॉक्टरबाईंना सांगितलं. डॉक्टरबाई आमच्या विभागप्रमुख. कमी बोलतात आणि बोलताना पेनचं टोपण लावतात-काढतात.

"मग नवी गोष्ट लिहा," त्या म्हणाल्या. "तुमचे अहवाल मी झोप न येता वाचते. तुम्हाला जमेल. तीस निरोगी माणसांवर तपासा. अर्ध्या तासानंतरची सरासरी बारा ते पंधराच्या मधे आली पाहिजे. त्याहून कमी आली तर गोष्ट अवघड, जास्त आली तर सोपी. काकांची तारीख दोन महिन्यांनी ठेवू."

मला वाटलं, साठ शब्द तर लिहायचे. आठवड्यात होईल.

पहिली गोष्ट मी एका रविवारी लिहिली. एक बाई गुरुवारी दुपारी वाचनालयात जाते, तिसऱ्या मजल्यावरून दोन पुस्तकं घेते, परत येताना तिच्या चपलेचा अंगठा तुटतो. चोवीस घटक नीट मोजून बसवले. ऐकवायला घरात सासूबाईच होत्या. त्या शिवणाच्या मशीनपुढे बसून त्याला दूषणं देत होत्या, कारण ते चार टाक्यांवर दोरा तोडत होतं.

मी गोष्ट वाचली.

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

"मग काही नाही. संपली."

"अशी कशी संपली? चप्पल तुटली ना बाईची? घरी कशी गेली ती?"

"ते महत्त्वाचं नाही, आई."

"वा! तीन जिने चढवलेस बिचारीला, चप्पल तोडलीस, आणि आता म्हणतेस महत्त्वाचं नाही." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "तुझ्यापेक्षा खालच्या मजल्यावरची बरी. भाजी आणायला गेली तरी तासभर पुरेल एवढं घेऊन येते."

तीस माणसं मी वेटिंग रूममधून मिळवली. पेशंटबरोबर आलेली भावंडं, शेजारी, आमच्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या दोन नर्स, आणि लिफ्टवाला. सरासरी नऊ आली. लिफ्टवाल्याला तर चारच आठवले आणि तो वर मलाच म्हणाला, "मॅडम, बाई बरी होती, पण माझी काही ओळख झाली नाही."

मी विचार केला. भावनेने आठवण पक्की होते, हे मी शिकलेली होते. शिकवलंही होतं. तेव्हा गोष्टीत भावना घालायची. मी त्याच बाईला अतिशय दुःखी केलं. पुस्तकं घेताना तिचं हृदय भरून आलं. चप्पल तुटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. असे तीन घटक मी रंगाच्या, संख्येच्या जागी बसवले.

सरासरी साडेआठ.

त्या तीस कागदांपुढे मी बराच वेळ बसले. घटकांनुसार बेरजा केल्या. तिसरा मजला नऊ जणांना आठवला होता, गुरुवार अकरांना. 'दुःखी' फक्त चौघांना. 'हृदय भरून आलं' हे एकालाही नाही. ज्या शब्दांवर मी भिस्त ठेवली होती तेच सगळ्यांत आधी गळाले होते. जणू ऐकणाऱ्यांनी ते कानाबाहेरच ठेवले आणि पुढे काय होतं ते बघितलं. पुढे काही झालं नाही, तेव्हा बाकीचंही टाकून दिलं.

"लोकांना भावना आठवतच नाहीत," मी रात्रीच्या जेवणात तक्रार केली.

माझा नवरा म्हणाला, "तुझ्या आठवत नसतील." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे, तू लिहिलेल्या."

"अगं, ती दुःखी होती तर कशापायी, ते कुठे सांगितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "उगाच कुणी येऊन सांगितलं की मी दुःखी आहे, तर आपण काय म्हणतो? बरं बाई, म्हणतो आणि दार लावून घेतो. ते जाऊ दे. तुला स्वतःला आठवते का एखादी गोष्ट? म्हणजे तुझ्यासमोर घडलेली?"

मी लगेच नाही म्हटलं. भांडी आवरताना आठवली.

माझे वडील जमीनमोजणीच्या खात्यात नकाशे काढायचे. आई मी लहान असतानाच गेली. आमच्या खोलीत टेबलापाशी एकच खुर्ची होती. मी अभ्यासाला बसले की ते ट्रंकेवर बसत, ते कामाला बसले की मी. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. कशाबद्दलच फारसं बोलत नव्हतो. मी शिकायला दुसऱ्या गावी गेले आणि पहिल्या सुट्टीत परत आले, तेव्हा खिडकीपाशी एक हिरवी खुर्ची होती, जुन्या खुर्चीच्या बरोबर समोर. एका पायाखाली नकाशाच्या कागदाची घडी.

"ही कधी आणली?" मी विचारलं.

"स्वस्तात मिळाली," वडील म्हणाले. "कंडक्टर घेईना, म्हणून चालत आणली."

एवढंच. त्यानंतर त्यांनी मला हॉस्टेलच्या पाण्याबद्दल विचारलं.

ते मी लिहून काढलं. मला वगळलं, सुट्टी वगळली, कुणाचं कुणाशी नातं वगळलं. चाचणीत असलं काही चालत नाही, पेशंट त्यात आपलं घर शोधायला लागतो. उरलं ते असं:

'एका माणसाकडे एकच खुर्ची होती. शनिवारी सकाळी तो जुन्या बाजारात गेला आणि त्याने एक हिरवी खुर्ची घेतली. कंडक्टरने खुर्ची बसमध्ये चढवू दिली नाही. मग ती डोक्यावर घेऊन तो तीन किलोमीटर चालत आला. खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याने त्याखाली कागदाची घडी ठेवली. दोन्ही खुर्च्या त्याने खिडकीपाशी समोरासमोर मांडल्या. संध्याकाळी पाच वाजता त्याने दिवा लावला आणि तो जुन्या खुर्चीवर बसला.'

भावनेचा एकही शब्द नव्हता. मला वाटलं, सरासरी सात येईल.

सतरा आली.

मी बेरजा दोनदा केल्या. आधीच्या गोष्टीतला तिसरा मजला नऊ जणांना आठवला होता. इथले तीन किलोमीटर सत्तावीस जणांना आठवले. आकडा तोच, पण इथे त्या आकड्याखाली एक माणूस डोक्यावर खुर्ची घेऊन चालत होता. लिफ्टवाल्याने मान वेडीवाकडी करून दाखवलीसुद्धा. हिरवा रंग मात्र बाराच जणांना आठवला, कारण हिरव्यावर कुणाचंच काही अडत नव्हतं. ज्या घटकाला त्या माणसाने धरलं होतं तो लोकांनीही धरला. जो नुसता शेजारी उभा होता तो गेला.

आमच्या गुणपत्रिकेत शेवटी एक रकाना असतो, 'जादा'. गोष्टीत नसलेलं पेशंटने सांगितलं तर ते तिथे लिहायचं. आठवण ढासळायला लागली की माणूस मधली भोकं मनाने बुजवतो, म्हणून जादा म्हणजे चूक. निरोगी माणसांचा हा रकाना बहुधा कोरा असतो. या खेपेला तीसपैकी सव्वीस जणांचा भरला होता. शब्द वेगळे, पण गोष्ट एकच: तो वाट बघत बसला. कुणीतरी येणार होतं. अकरा जण म्हणाले मुलगा, नऊ जण म्हणाले बायको, पाच जणांनी मित्र म्हटलं, आणि एका निवृत्त नर्सने 'डॉक्टर, व्हिजिटला' असं सांगितलं. सासूबाई त्या तिसांत नव्हत्या, पण त्यांनी ऐकल्याबरोबर निकाल दिला होता, "बायको रागावून माहेरी गेली असणार. आता आणा म्हणावं खुर्च्या."

ते सव्वीस कागद हातात घेऊन मी जिन्याच्या खिडकीपाशी उभी राहिले. हिरवी खुर्ची पाहिली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. ती स्वस्तात मिळाली, हेच मी पंचवीस वर्षं धरून चालले होते. वडील जाऊनही नऊ वर्षं झाली. आणि ज्यांनी ना खोली पाहिली ना त्यांना, त्या सव्वीस जणांना अर्ध्या तासात कळलं होतं की ती कुणीतरी येणार म्हणून आणली.

डॉक्टरबाईंनी कागद चाळले, गोष्ट दोनदा वाचली, टोपण लावलं.

"गोष्ट चांगली आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच चालायची नाही."

"सतरा जास्त होतात, हे कळतंय मला."

"सतरा तर आहेतच. पण चांगल्या गोष्टीचा आधार होतो. एक टोक धरलं की बाकीचं ओढत येतं. आपल्याला आधाराशिवाय माणूस किती चालतो ते बघायचंय. बोथट करा."

लिहिण्याचं काम मी तेव्हा शिकले असं म्हटलं तर लोक हसतील, कारण मी लिहीत नव्हते, खोडत होते. कंडक्टर काढला. लगेच तीन किलोमीटर निम्म्या लोकांच्या डोक्यातून गेले, कारण आता तो माणूस विनाकारण चालत होता. 'जुन्या खुर्चीवर बसला' मधला 'जुन्या' काढला, तर वाट बघणारी माणसं सव्वीसवरून दहावर आली. एका शब्दात सोळा माणसं होती. त्या जागी दुकान क्रमांक चौदा, लाकडी, घरी आला तेव्हा अकरा वाजले होते, असलं सामान भरलं. नव्या तीस जणांची सरासरी सव्वाचौदा आली. डॉक्टरबाईंनी सही केली. अर्ध्या तासानंतर नऊच्या खाली गेला तो नापास, असा तक्ता तयार झाला. आधीच्या चांगल्या गोष्टीचे तीस कागद मी खालच्या खणात ठेवून दिले. मी काही फेकत नाही.

काका ठरल्या दिवशी आले. इस्त्रीचा शर्ट, नखांत मशीनच्या तेलाची काळी रेघ. नातेवाइकांना आम्ही बाहेर बसवतो, पण काकांनी हट्ट धरला.

"तिला आत बसू दे. नाहीतर म्हणेल, बापाने कॉपी केली."

"बाबा!"

"आधी म्हणालीच होतीस ना?"

मुलगी दाराजवळच्या स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घेऊन. तिच्या त्या बसण्यात परतीच्या गाडीची वेळ दिसत होती.

मी कागद समोर ठेवला, पण तो बघायची मला गरज नव्हती. गोष्ट सांगताना पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचं, ही माझी वीस वर्षांची सवय. मी काकांकडे बघत, एका सुरात, कुठेही न थांबता गोष्ट सांगितली. त्यांनी लगेच परत सांगितली. मी फक्त त्यांचे शब्द उतरवून घेतले, खुणा नंतर करायच्या असतात. मग अर्धा तास आम्ही आकडे उलटे म्हटले, घड्याळाचं चित्र काढलं, चौकोनांच्या आकृत्या जुळवल्या. काकांनी घड्याळाचे काटे उलटे काढले आणि स्वतःच खोडले.

"आता मघाची गोष्ट परत सांगा," मी म्हटलं आणि गुणपत्रिका पुढे ओढली.

काकांनी डोळे मिटले. "माणूस. त्याची एकच खुर्ची. एकटा माणूस, एक खुर्ची, बरोबर आहे. बाजारात गेला. जुन्या बाजारात. वार..." ते थांबले. मुलीने पर्सचा पट्टा आवळला. "वार गेला. सकाळ होती. खुर्ची घेतली. मग तो कंडक्टर, मेला, चढवू देईना. का रे बाबा? खुर्ची काय तुझ्या मांडीवर बसणार होती?"

मी खूण करायला पेन्सिल टेकवली आणि कंडक्टरचा चौकोन शोधू लागले. चौकोन नव्हता.

पहिल्यांदा वाटलं, काकांनी मनाने घातला. मग मी मघाचा कागद पुढे ओढला. अर्ध्या तासापूर्वी मीच लिहून घेतलेल्या शब्दांत 'कंडक्टर' होता. काकांनी काही घातलं नव्हतं. मीच त्यांना खोडण्याआधीची गोष्ट सांगितली होती. कागदावर बोथट होती, आणि तोंडातून चांगली आली होती. वीस वर्षांत अशी चूक माझ्याकडून झाली नव्हती, कारण वीस वर्षांत चुकून तोंडात यावी अशी गोष्टच आमच्याकडे नव्हती.

काका सांगतच होते. "डोक्यावर घेऊन चालत आला. लांबून. किती ते... बरंच. पाय आखूड होता खुर्चीचा, एक. कागद घातला खाली. ते चुकलं हं त्याचं, कागद दबतो. लाकडाची पाचर मारायला हवी होती. मग दोन्ही खुर्च्या अशा, समोरासमोर, खिडकीत. दिवा लावला. आणि आपल्या जुन्या खुर्चीवर बसला. नवीवर कसा बसेल? नवी मुलीसाठी."

मी लिहिता लिहिता थांबले.

"मुलगी यायची होती ना," काका म्हणाले. "तिला बसायला जागाच नव्हती कधी. यायची ती उभ्याउभ्या बोलून जायची."

 मुलगी पर्सकडे बघत होती. मी जादा रकान्यात 'मुलगी' लिहिलं. त्या सव्वीस जणांपैकी कुणीही मुलगी म्हटलं नव्हतं.

घटक मोजले. बारा. नव्या तक्त्यावर बारा म्हणजे नऊच्या बराच वर, काका पास, दुकान राहिलं. मी कोणती गोष्ट सांगितली ते कुणाला कळणार नव्हतं. काकांनी कागद पाहिला नव्हता, मुलीनेही नाही. कंडक्टर जादा रकान्यात टाकला की संपलं.

मी कागद घेऊन डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले आणि झालं ते सांगितलं. उभ्यानेच.

त्यांनी टोपण काढलं, लावलं. "दुसरी कुणी असती तर बोलली नसती."

"बोलले नसते तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

"मला कळलंच नसतं, तर म्हणणार काय?" मग त्या जरा पुढे झुकल्या. "चांगल्या गोष्टीचे ते तीस कागद. फेकलेत?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांनी ऐकलेली गोष्ट नव्या तक्त्यावर मोजता येत नव्हती, पण तिला तिची स्वतःची तीस माणसं होती. आम्ही दोघींनी खालचा खण उघडला आणि तिथल्या तिथे त्या गोष्टीचा तक्ता मांडला. आकडेमोडीला वीस मिनिटं लागली. अकराच्या खाली गेला तर नापास, तेराच्या वर गेला तर पास. मधले काठावर.

बारा.

काका आणि मुलगी दोघांनाही आत बोलावून डॉक्टरबाईंनी माझी चूक आधी सांगितली, मग आकडा.

"म्हणजे हो की नाही?" मुलीने विचारलं. "आमचं ठरलं होतं, चाचणी सांगेल ते."

"चाचणी म्हणते, मला माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कधी कधी ती खरं बोलते. सहा महिन्यांनी परत विचारू. तोवर तुम्ही दोघं बोला."

मुलगी बापाकडे वळली. "बाबा, मी उभ्याउभ्या येते?"

"अगं, तुझं नाही म्हणत मी. गोष्टीतली मुलगी."

"गोष्टीत मुलगी नव्हती. मी ऐकली ना."

"नव्हती?" काकांच्या कपाळावर आठी आली. ती आठी मी ओळखते. आपलं डोकं आपल्याला फसवतंय का, हे चाचपणाऱ्या माणसाची असते. ते माझ्याकडे वळले. "होती ना हो बाई? सांगा तुम्ही."

पेशंटला उत्तर सांगायचं नाही, हा आमचा पहिला नियम. पण चाचणी संपली होती.

"शब्दांत नव्हती, काका," मी म्हटलं. "पण तुम्ही चुकला नाहीत. खुर्ची मुलीसाठीच आणली होती."

"मग झालं तर," काका म्हणाले आणि मुलीकडे असं बघितलं की जणू पैज जिंकली.

 मुलीने पर्समधून डायरी काढली आणि ती अटी लिहायला लागली, भराभर, नाक ओढत. शेगडी जाणार, पाणी तापलं की आपोआप बंद होणारी किटली येणार. शेजाऱ्यांकडे एक किल्ली. दर शनिवारी ती येणार आणि रविवारी जाणार. सहा महिने. मग परत चाचणी.

"शनिवारी गिऱ्हाईक असतं," काका म्हणाले.

"असू दे. मी बसेन."

"कशावर? स्टूल गिऱ्हाइकाचं आहे."

"बाबा," ती म्हणाली, "बाजार कुठे आहे ते माहितीये मला."

त्यानंतर दोन महिन्यांनी सासूबाईंच्या मशीनने दोरा तोडणं सोडून कापडच गिळायला सुरुवात केली. मी डॉक्टरबाईंना विचारलं, पेशंटच्या दुकानात गेलेलं चालेल का. त्या म्हणाल्या, "मशीन बिघडलं असेल तर कुठे जाणार? दंतवैद्याकडे?" बसच्या कंडक्टरने मशीन चढवू दिलं, पण मांडीवर घेऊन बसायच्या अटीवर. उतरताना माझे पाय बधिर झाले होते.

दुकान अरुंद होतं. भिंतीवर पट्टे टांगलेले, डब्यांत बॉबिन, आणि खिडकीपाशी समोरासमोर दोन खुर्च्या. नवी खुर्ची तपकिरी होती. तिच्या एका पायाखाली लाकडाची पाचर बसवलेली होती, घासून, पॉलिश करून.

काकांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. दात काढतात तिथे?"

"तिथेच शेजारी," मी म्हटलं.

त्यांनी मशीन उलटं केलं, शटल काढलं, फुंकर मारली. बोटं क्षणभरही अडखळत नव्हती. "ताण बिघडलाय," ते म्हणाले. "वरचा दोरा आणि खालचा दोरा, दोघांचा ताण जुळला तरच टाका पडतो. बसा ना. त्या खुर्चीवर नको, ती मुलीची आहे. आज शनिवार. बरं, बसा, ती यायला तास आहे."

मी बसले. खुर्ची जराही डुगडुगली नाही.

"या खुर्चीवरून आठवलं," काका स्क्रू फिरवत म्हणाले. "आमच्या ओळखीचा एक माणूस होता. त्याच्याकडे एकच खुर्ची."

मी सवयीने मनात मोजायला लागले. माणूस, एक. एकच खुर्ची, दोन. काकांच्या गोष्टीत तो माणूस माझ्या वडिलांसारखे नकाशे काढत नव्हता, अर्थात. तो मशीनचा मेकॅनिक झाला होता. कंडक्टरशी त्याचं चांगलं दणदणीत भांडण झालं, त्यात दोन प्रवासी त्याच्या बाजूने बोलले. तीन किलोमीटरचे सात झाले होते. वाटेत तो एकदा थकला, तेव्हा खुर्ची रस्त्याच्या कडेला टेकवून तिच्यावर बसला आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघत राहिला. हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. खुर्ची घेऊन चालणारा माणूस थकला तर साहजिकच तिच्यावर बसेल. माझे वडीलही बसले असतील. जादा रकान्यात हे सगळं मावलं नसतं, आणि माझी मोजणी पाचच्या आसपास कधी सुटली ते मला कळलं नाही.

"मग दिवा लावला त्याने," काका म्हणाले, "आणि बसला आपल्या जुन्या खुर्चीवर. पाच वाजले. साडेपाच वाजले. पुढे काय झालं, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पाना खाली ठेवला, हात फडक्याला पुसले आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसले.